दुसऱ्या हाफचं तिकीट

एकतीस वर्षं एसटीत पंच वाजवला,
मिरज-जत, मिरज-अथणी, शेवटी शेवटी मिरज-बेडग.
म्हणून जंक्शन स्पोर्टिंगचं तिकीटबुक माझ्याकडं आलं.
शिवाय सुट्टे मी घरूनच आणतो.

जिल्ह्याच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आम्ही खालून तिसरे.
तिकीट वीस रुपये.
रविवारी एक्केचाळीस फाडली,
त्यातली नऊ खेळाडूंच्या घरची.
आठशे वीस जमा.
रेफ्री पाचशे, फक्की तीनशे ऐंशी,
बर्फ धरलाच नाही,
आणि नाईकवडीनं फ्री किक मारून
मालधक्क्यापलीकडं घालवलेला बॉल
तो कुठल्या खात्यात टाकू?

वर पादचारी पूल.
पुलावर साठ-सत्तर माणसं, रेलिंगला कोपरं टेकून,
फुकट.

मीटिंगला गौसभाई सतारमेकर म्हणाले, वीसचे तीस करा,
येणारा येतोच.
दानियल भोरे म्हणाला, दहा करा, दुप्पट येतील.
मी पेन्सिल चालवली. दोन्हीकडनं गाडी त्याच स्टॉपला येत होती.
मग ठरलं, पुलाच्या अंगाला ताडपत्री लावायची.
वखारीतनं उसनी आणली. वास हळदीचा,
हात लावेल तो पिवळा.

त्या रविवारी पुलावर कोणी थांबलं नाही.
गेटवर तीन जास्त.
आणि ग्राउंडवर अशी सामसूम
की गोलकीपरला स्वतःचीच शिवी ऐकू आली.
तेव्हा उमगलं, ओरडत होता तो पूल.
"ए सोळा नंबर, झोपलास काय रं?"
हे वरनं यायचं,
आणि आम्ही ते आपल्या खुर्च्यांचं समजत होतो.
शून्य-चार.

ताडपत्री मीच सोडली. कुणाला विचारलं नाही.

पुढच्या रविवारी बॅग खांद्याला लावून पूल चढलो.
एकजण. हातात स्टीलचा डबा,
काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत दवाखान्याची फाईल.
म्हटलं, खाली या की, खुर्ची आहे.
म्हणाला, "फोन आला की पळायला लागतंय, मामा.
दहा मिनिटांला वीस रुपये कसं परवडंल?"

कंडक्टरनं कुठं जायचं ते विचारावं,
कशाला जायचं ते नाही.
मी फाईलकडं बघितलं नाही.
पण जिना उतरताना डोक्यात पंच वाजला:
बेडगला उतरणाऱ्याकडनं
अथणीचं भाडं मी जन्मात कधी घेतलं नाही,
आणि इथं नव्वद मिनिटांचा
एकच टप्पा धरून बसलोय.

पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलं:
पहिला हाफ दहा. दुसरा हाफ दहा.
सत्तर मिनिटांनंतर पाच.
गौसभाई म्हणाले, ही काय मॅच आहे का शटल?
म्हटलं, रिकामी लांबपल्ल्याची हाकण्यापेक्षा
भरलेली शटल बरी.

मग येत गेले. एकदम नाही.
ड्युटी संपलेल्या दोन नर्स, सत्तरीनंतर, पाचवाल्या.
गाडी दोन तास लेट म्हणून एक आख्खं लग्नाचं बिऱ्हाड, हारासकट.
पेशंटची माणसं, डबे मांडीवर घेऊन.
त्यातली एक म्हातारी अजून ऑफसाइडला
"लाइन मोडली" म्हणते.
अकराशे पंधरा जमले.
रेफ्रीनं लगेच सहाशे मागितले, ते सोडा.

तो डबेवाला आला होता. दुसऱ्या हाफचं घेतलं.
त्रेसष्टाव्या मिनिटाला फोन वाजला.
खुर्ची नीट मिटून ठेवली, आणि गेला.
परत दिसला नाही.
बाई बरी झाली असेल, गावाला गेले असतील,
असं मी धरून चालतो.
हिशोबात काही रकमा धरूनच चालाव्या लागतात.

त्याची सत्तावीस मिनिटं वहीत जमेला आहेत,
आणि एक्क्याऐंशीव्या मिनिटाचा गोल,
नाईकवडीचा, डाव्या पायाचा,
सांगायचा राहिलेला.